जुन्या पिकअपमधील न दिसणारी गळती

नाशिक जिल्ह्याच्या अर्थकारणाविषयी बोलताना द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांचा उल्लेख हमखास होतो. मात्र हा माल शेतातून बाजार समितीपर्यंत आणि तेथून वाशीच्या घाऊक बाजारापर्यंत ज्या वाहनातून जातो, त्या पिकअपविषयी फारसे कोणी बोलत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांच्या रस्त्यांवर भल्या पहाटे क्रेट रचलेल्या पिकअप धावताना दिसतात. शहरातही फर्निचर, मंडपाचे सामान, पाण्याचे जार, बांधकामाचे साहित्य याच वाहनांच्या हौद्यातून फिरत असते. यांपैकी पुष्कळ वाहने दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती असतात. नव्या गाडीचा हप्ता न झेपणारा तरुण जुनी पिकअप घेतो आणि तिच्या जोरावर भाड्याचा व्यवसाय उभा करतो.

अशी गाडी घेताना काय पाहायचे, याचे ठोकताळे सर्वांना पाठ असतात. टायर किती घासले आहेत, चॅसीला कोठे वेल्डिंग आहे, हौद्याचा पत्रा कुजला आहे का, सायलेन्सरमधून धूर कोणत्या रंगाचा येतो आणि कागदपत्रे स्वच्छ आहेत का, हे सारे पाहिले जाते. बॉनेट उघडल्यावर इंजिनपासून चालकाच्या समोरच्या पत्र्याकडे जाणारी अंगठ्याएवढ्या जाडीची काळी रबरी नळी मात्र कोणी हात लावून पाहत नाही. तिच्यातून ना पाणी वाहते, ना तेल. ती फुटली तरी जमिनीवर थेंबही पडत नाही. तिच्यात असते ती केवळ निर्वात पोकळी, म्हणजेच मेकॅनिकच्या भाषेतील व्हॅक्यूम. भरलेल्या गाडीचा ब्रेक हलक्या पायाने लागतो तो याच पोकळीच्या बळावर.

व्हॅक्यूमची गळती या विषयावर जी माहिती सर्वत्र उपलब्ध आहे, ती बहुतांशी पेट्रोल इंजिनाची आहे. परदेशात पिकअप म्हटले की अनेकदा मोठे पेट्रोल इंजिन अभिप्रेत असते. तेथे गळती झाली की इंजिन अडखळते, आचके देते आणि मालकाला गाडी गॅरेजमध्ये न्यावीच लागते. आपल्याकडील पिकअप प्रामुख्याने डिझेलवर चालतात. डिझेल गाडीत ही गळती झाली तरी इंजिन पूर्वीसारखेच ठणठणीत चालू राहते. बिघडतो तो ब्रेक, आणि तोही हळूहळू. दोन्हींमधील हा फरक जुनी गाडी घेणाऱ्याने नीट समजून घेतला पाहिजे.

पोकळीचे बळ

आपल्या भोवतीच्या हवेला वजन आहे आणि ती सर्व बाजूंनी दाब देते, हे शाळेत शिकवले जाते. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. एखाद्या बंद डब्यातील हवा काढून घेतली, तर बाहेरची हवा त्या डब्याच्या भिंती आत रेटू लागते. सतराव्या शतकात जर्मनीतील माग्डेबर्गच्या ऑटो फॉन गेरिके याने धातूचे दोन अर्धगोल जोडून त्यांतील हवा काढली, तेव्हा ते वेगळे करताना घोड्यांचीही दमछाक झाली, हा प्रयोग प्रसिद्धच आहे.

ब्रेकच्या पेडलमागे बसवलेला तव्यासारखा गोल काळा डबा, म्हणजेच बूस्टर, याच तत्त्वावर चालतो. बेल्जियमचे अभियंता आल्बेर देवांद्र यांच्या कल्पनेवर आधारलेला असा ब्रेक १९२७च्या सुमारास बॉश कंपनीने बाजारात आणला. बूस्टरच्या आत रबरी पडदा असतो. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी असते. चालकाने पेडल दाबले की एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला पोकळी कायम राहते आणि हवा पडद्याला पुढे ढकलते. हे ढकलणे पायाच्या जोरात मिळते आणि ब्रेक ऑइलवर दाब पडतो.

हे बळ किती असते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. पडद्याचा व्यास २३ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर होते. पोकळी ५०० मिलिमीटर असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास ०.६८ किलोचा दाब पडतो. दोन्हींचा गुणाकार पावणेतीनशे ते २८० किलोच्या घरात जातो. पोकळी निम्म्यावर आली की हे साहाय्यही निम्मे होते. पोकळी नाहीशी झाली तर ब्रेक पूर्णपणे जात नाही, परंतु तेवढा सगळा जोर चालकाच्या एका पायाला लावावा लागतो.

पेट्रोलमध्ये फुकट, डिझेलमध्ये पंपाने

ही पोकळी येते कोठून? पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की झडप जवळपास बंद होते, पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात. त्यामुळे झडपेच्या मागच्या मॅनिफोल्डमध्ये आपोआप पोकळी तयार होते. जुन्या पेट्रोल जीपगाड्यांचे वायपर या पोकळीवर चालत असत. चढावर चालकाने अॅक्सिलरेटर दाबला की पोकळी कमी होई आणि ऐन पावसात वायपर मंदावत, ही आठवण जुनी मंडळी आजही सांगतात.

डिझेल इंजिनात वेग नियंत्रित होतो तो हवा अडवून नव्हे, तर डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करून. हवेची वाट मोकळीच असते, त्यामुळे ब्रेकला पुरेल अशी पोकळी मॅनिफोल्डमध्ये तयार होत नाही. नव्या उत्सर्जन निकषांच्या डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर झडप आली असली, तरी ती धूर नियंत्रणासाठी असते. ब्रेकसाठी पोकळी निर्माण करणारा स्वतंत्र पंप डिझेल गाडीत लागतोच. काही इंजिनांत तो कॅमशाफ्टवरून फिरतो. अनेक जुन्या पिकअप व जीपगाड्यांत मात्र तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो आणि त्याला वंगणासाठी इंजिन ऑइलची बारीक नळी जोडलेली असते.

अल्टरनेटर आणि व्हॅक्यूम पंप एकाच दांड्यावर आणि एकाच पट्ट्यावर फिरत असल्याने, पट्टा तुटला तर चार्जिंग थांबते आणि पोकळी तयार होणेही थांबते. डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागला की ‘घरी गेल्यावर बॅटरीवाल्याकडे जाऊ’ असे म्हणून पुढे जाणारे चालक पुष्कळ आहेत. अल्टरनेटरवर पंप असलेल्या गाडीत हाच दिवा ब्रेकचाही इशारा असू शकतो. चालू गाडीत तो लागला तर सुरक्षित जागी थांबून, इंजिन बंद करून, पट्टा जागेवर आहे का हे आधी पाहावे.

घाटातील गैरसमज

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मुंबईकडे जाणारा माल इगतपुरीपर्यंत याच उंचीवरून जातो आणि तेथून कसारा घाटात थोड्या अंतरात सुमारे ३०० मीटर खाली उतरतो. मालासह तीन टन वजनाची पिकअप एवढी खाली येते तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा २५ लिटर पाणी उकळायला पुरेशी असते. यातील जेवढी इंजिन रोखत नाही, तेवढी बहुतांशी ब्रेकच्या ड्रम-डिस्कमध्ये उष्णतेच्या रूपाने साठते. वणीवरून सापुताऱ्याच्या घाटाने सुरतकडे जाणाऱ्या गाड्यांचेही तसेच.

डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची, क्वचित चावी बंद करण्याचीही सवय काही चालकांना असते. इंजिन बंद झाले की पंपही बंद होतो. बूस्टरमध्ये शिल्लक असलेली पोकळी दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्याइतकीच पुरते. चौथ्या वेळी पेडल दगडासारखे कडक लागते. पॉवर स्टेअरिंग असल्यास तेही जड होते. पोकळीच्या नळीला आधीच गळती असेल तर ही शिल्लकही काही सेकंदांतच संपते. सपाट रस्त्यावर महिनोन्महिने लक्षात न आलेला दोष घाटात उघडा पडतो तो असा.

चालकांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक बाब आहे. पेडल मऊ लागून खाली जात असेल तर ब्रेक ऑइलच्या बाजूला दोष आहे. अशा वेळी पेडल झटपट वरखाली करून दाब मिळवण्याचा प्रयत्न करता येतो. पेडल कडक झाले असेल तर पोकळी संपली आहे. तेव्हा पेडल सोडून पुन्हा दाबणे घातक ठरते, कारण प्रत्येक वेळी सोडताना उरलीसुरली पोकळीही खर्च होते. पाय न उचलता, गरज पडल्यास दोन्ही पायांनी, पेडल दाबून धरावे. वेग कमी होत जाईल तसा खालचा गिअर टाकावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि चावी मात्र काढू नये.

पाच मिनिटांच्या तीन चाचण्या

बूस्टरची तपासणी करायला कोणतेही उपकरण लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

पहिली चाचणी : इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबावे. मग पेडलवर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. काही क्षणांत पेडल पायाखाली थोडे खाली सरकले पाहिजे. ते जागचे हलले नाही तर पोकळी बूस्टरपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी चाचणी : इंजिन मिनिट-दोन मिनिटे चालवून बंद करावे. पाच मिनिटे थांबून पेडल दाबावे. पहिल्यांदा ते नेहमीसारखे मऊ आणि खोल जावे, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी क्रमाने वर आणि कडक लागावे. पहिल्याच वेळी कडक लागले तर साठवलेली पोकळी कोठूनतरी निसटते आहे.

तिसरी चाचणी : इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे आणि तसेच धरून इंजिन बंद करावे. अर्धा मिनिट पेडलची उंची बदलता कामा नये. पेडल पाय वर ढकलू लागले तर बूस्टर किंवा त्याची झडप गळते आहे. उलट, पेडल हळूहळू खाली जाऊ लागले तर मास्टर सिलिंडर किंवा ऑइलच्या नळ्या तपासाव्यात. तो दोष निराळा.

या चाचण्या इंजिनाच्या नेहमीच्या संथ गतीवर, म्हणजे आयडलिंगवर, कराव्यात. आयडलिंग वाढवून ठेवले असेल तर पंप अधिक वेगाने फिरतो आणि त्याचा अशक्तपणा झाकला जातो. विक्रीला ठेवलेल्या गाडीचे आयडलिंग नेहमीपेक्षा जास्त वाटले तर त्याचे कारण विचारायलाच हवे.

गळती नेमकी कोठे?

दोष आहे हे कळल्यावर सरसकट सुटे भाग बदलत सुटणे महागात पडते. पोकळीचा मार्ग सरळ आहे : पंप, तेथून नळी, नळीवर किंवा बूस्टरच्या तोंडाशी एकदिशा झडप, आणि शेवटी बूस्टर. त्यामुळे एकेक टप्पा वेगळा करून तपासता येतो. त्यासाठी व्हॅक्यूम गेज हे घड्याळासारखे उपकरण लागते. ते महाग नसते आणि ते नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम करून घेऊ नये.

प्रथम गेज थेट पंपाला जोडावे. इंजिन सुरू करताच काटा झपाट्याने चढून स्थिर झाला तर पंप ठीक आहे. काटा रेंगाळत चढला किंवा मध्येच थांबला तर पंपाची पाती झिजली आहेत, पट्टा सैल आहे किंवा पंपाला ऑइल पोहोचत नाही. पंप ठीक असेल तर गेज नळीच्या दुसऱ्या टोकाला लावावे. येथे आकडा कमी आला तर नळीत दोष आहे. शेवटी टी जोडून गेज झडप आणि बूस्टर यांच्यामध्ये बसवावे आणि इंजिन बंद करावे. काटा जागेवर राहिला पाहिजे. तो उतरू लागला तर झडप किंवा बूस्टर यांपैकी एक गळतो आहे, आणि तो कोणता हे झडप स्वतंत्रपणे तपासून ठरवता येते.

झडपेची परीक्षा सोपी आहे. ती काढून स्वच्छ पुसावी आणि बूस्टरच्या बाजूने फुंकावे. हवा पार गेली पाहिजे. पंपाच्या बाजूने फुंकल्यास मुळीच जाता कामा नये. दोन्हीकडून हवा जात असेल तर झडप निकामी झाली आहे. झडपेत किंवा बूस्टरकडच्या नळीत काळे ऑइल आढळले तर पंपाकडचे इंजिन ऑइल पुढे सरकते आहे असे समजावे. इंजिन ऑइलने बूस्टरचा पडदा फुगून खराब होऊ शकतो. बूस्टरमध्ये ब्रेक ऑइल सापडले, किंवा बाहेर गळती दिसत नसताना टाकीतील ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले आहे. पेडल दाबताना पायाजवळ सतत फुसफुस ऐकू येत राहिली तर पडदा किंवा बूस्टरच्या आतील झडप संशयास्पद मानावी.

नाशिकचा आकडा वेगळा

गेजवरील आकडा वाचताना स्थानिक परिस्थितीचे भान ठेवावे लागते. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर असणारा दाब ६०० मीटर उंचीवर सुमारे ७०७ मिलिमीटर भरतो. पंप कितीही उत्तम असला तरी जेवढी हवा बाहेर आहे त्याहून अधिक पोकळी तो निर्माण करू शकत नाही. त्यामुळे मुंबईत ६५० मिलिमीटर दाखवणारी निर्दोष गाडी नाशिकमध्ये त्याहून ४० ते ५० मिलिमीटर कमी दाखवू शकते. सर्व्हिस पुस्तिकेतील आकडे सामान्यतः समुद्रसपाटीचे गृहीत धरलेले असतात. एवढ्या फरकाने पंप बदलायला सांगितले गेले तर घाई करू नये. काटा किती वेगाने चढतो आणि इंजिन बंद केल्यावर टिकून राहतो का, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे.

दुरुस्ती करताना

सुदैवाने या मार्गातील सर्वाधिक बिघडणारी वस्तू सर्वांत स्वस्त असते. नाशिकचा उन्हाळा, इंजिनाची उष्णता आणि ऑइलची वाफ यांनी रबरी नळी कडक होते, टोकाशी तडकते किंवा आतून मऊ पडते. उभ्या गाडीत उंदीर नळ्या कुरतडतात तो प्रकार वेगळाच. नळी वाकवून, दाबून, टोके उलगडून पाहावी. तडा दिसला तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये, नळी बदलावी.

बदलताना एक चूक वारंवार होते. हाताशी असलेली पाण्याची किंवा डिझेलची साधी नळी तेवढ्याच मापाची म्हणून बसवली जाते. त्या नळ्या आतून बाहेर पडणारा दाब सोसण्यासाठी बनवलेल्या असतात. पोकळीत उलट घडते : बाहेरची हवा नळीला चिरडू पाहते. थंड असताना ठीक वाटणारी अशी नळी इंजिन तापल्यावर चपटी होऊन वाट बंद करते. मग गॅरेजमध्ये ब्रेक उत्तम लागतो आणि तासाभराच्या प्रवासानंतर पेडल कडक होते. त्यामुळे ब्रेक व्हॅक्यूमसाठीच बनवलेली, आत धाग्यांचे मजबुतीकरण असलेली आणि ऑइलला दाद न देणारी नळीच घ्यावी. झडपेवर बाणाची खूण असते. बाण पंपाच्या दिशेला राहील अशी ती बसवावी. टोकांच्या क्लिपाही जुन्या न वापरता नव्या घ्याव्यात.

अल्टरनेटर दुरुस्तीला जातो तेव्हाही सावध राहावे. भंगार बाजारातील जुना अल्टरनेटर बदली म्हणून बसवला तर त्याच्या पाठीवरचा झिजलेला पंपही सोबत येतो. बॅटरी चार्ज होऊ लागते, काम झाले असे वाटते आणि ब्रेक मात्र आधीपेक्षा कमजोर होतो. पंपाचे सील गेले असेल तर इंजिन ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरते आणि काही दिवसांत तोही निकामी होतो. अल्टरनेटरचे कोणतेही काम झाले की वर दिलेल्या तीन चाचण्या करूनच गाडी ताब्यात घ्यावी. बूस्टरचा डबा पत्रा दुमडून बंद केलेला असतो. तो उघडून, पडदा बदलून पुन्हा ठोकून बसवण्यापेक्षा पूर्ण बूस्टर बदलणे खर्चाचे असले तरी शहाणपणाचे.

हवेच्या आणखी दोन गळत्या

डिझेल पिकअपमध्ये हवा चोरवाटेने शिरण्याच्या आणखी दोन जागा आहेत. गॅरेजमध्ये त्या अनेकदा एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिली जागा म्हणजे एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी. येथे फट पडली तर न गाळलेली हवा आत जाते. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवरची आणि बांधकामाच्या जागेवरची बारीक धूळ टर्बोची पाती आणि पिस्टन रिंगा घासून काढते. इंजिन ऑइल खाऊ लागते, तेव्हा कोठे मालक जागा होतो. फिल्टरच्या पुढची नळी काढून आतून पांढऱ्या कापडाने पुसावी. कापडावर मातकट धूळ आली तर गळती आहे. टर्बोच्या पुढे मात्र हवा दाबाखाली असते, त्यामुळे तेथील फटीतून ती बाहेर निसटते. चढावर ओढ कमी होणे, काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज ही त्याची चिन्हे. सांध्याशी ऑइलचा ओलसर डाग आढळतो. टर्बोचे नियंत्रण पोकळीवर चालणाऱ्या गाड्यांत बारीक व्हॅक्यूम नळी तुटली तरी ओढ कमी होते. म्हणून टर्बो बदलण्याआधी या नळ्या पाहाव्यात.

दुसरी जागा म्हणजे डिझेलच्या टाकीपासून पंपापर्यंतची ओढ नळी. येथे डिझेल खेचले जाते, त्यामुळे सैल सांध्यातून डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते. यालाच ‘गाडी एअर घेते’ असे म्हणतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उशिरा सुरू होणे, हातपंप मारावा लागणे, मध्येच इंजिन अडखळणे ही त्याची लक्षणे. मायको, म्हणजे २००८पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाणारी कंपनी, नाशिकमध्ये वर्षानुवर्षे डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवत आली आहे. पंप-नोझलचे जाणकार कारागीर म्हणूनच या शहरात कमी नाहीत. परंतु पंप खोलण्याचा खर्च करण्यापूर्वी फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. पुष्कळदा तांब्याचा एक वॉशर किंवा फिल्टरची रबरी कडी बदलून काम भागते.

पेट्रोल आणि सीएनजी पिकअप

अलीकडे शहरातील वाहतुकीत टाटा एस, मारुती सुपर कॅरी अशा लहान गाड्यांच्या पेट्रोल आणि सीएनजी आवृत्त्याही दिसतात. त्यांना मॅनिफोल्डच्या गळतीचे नेहमीचे नियम लागू पडतात. पेट्रोल नीट जळण्यासाठी एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. गॅस्केट, नळी किंवा थ्रॉटलच्या सांध्यातून जादा हवा शिरली की हे प्रमाण बिघडते. आयडलिंग वरखाली होते किंवा विनाकारण वाढते, सुरुवातीला इंजिन आचके देते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावल्यास संगणक आयडलिंगला जादा इंधन देताना आणि वेग वाढवल्यावर ते कमी करताना दिसला, तर गळतीचा संशय बळावतो. मात्र हवेचा दाब मोजून इंधन ठरवणाऱ्या गाड्यांत हे आकडे फारसे बिघडत नाहीत, केवळ आयडलिंग वाढलेले राहते.

गळती शोधण्यासाठी सांध्यांवर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत जुनी आहे. तापलेला सायलेन्सर आणि विजेच्या तारा शेजारी असताना हा आगीशी खेळ होय. सीएनजी गाडीत तर तो विचारही करू नये. साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा किंवा गॅरेजमधील धुराच्या यंत्राची चाचणी हे सुरक्षित उपाय.

सौदा करण्यापूर्वी

ज्या जिल्ह्यात सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रच्या गाड्या तयार होतात आणि इगतपुरीत त्यांची इंजिने बनतात, तेथे चांगल्या कारागिरांची उणीव नाही. उणीव असते ती गाडी घेणाऱ्याने योग्य प्रश्न विचारण्याची. वाहनाला योग्यता प्रमाणपत्र आहे म्हणून ब्रेकची खात्री झाली, असे मानू नये. प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. रबर त्यानंतरही तडकत राहते.

जुनी पिकअप पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना पोहोचावे. सुरू करण्याआधी बॉनेट उघडून व्हॅक्यूमची नळी आणि अल्टरनेटरचा पट्टा पाहावा. चावी फिरवल्यावर बॅटरीचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, याची खात्री करावी; तो मुळीच लागत नसेल तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो. पेडलच्या तीन चाचण्या थंड इंजिनावर कराव्यात आणि गाडी अर्धा तास चालवून गरम झाल्यावर पुन्हा कराव्यात. दोन्ही वेळा उत्तर तेच यायला हवे. दोष निघाला तर गाडी नाकारायलाच हवी असे नाही. नळी किंवा झडप असेल तर काही शे रुपयांत आणि तासाभरात काम होते, आणि पंप किंवा बूस्टर असेल तर किंमत ठरवताना तो खर्च वजा करता येतो. दुरुस्ती मात्र पहिले भाडे भरण्याआधी व्हावी, कारण रिकाम्या गाडीला कसाबसा पुरणारा ब्रेक दीड टन टोमॅटो घेऊन घाट उतरताना पुरत नाही.